वनमाला तोडली तो उन्हाळा

मे महिना लागला की दुपारी मी दारं-खिडक्या लावून घेते आणि वाळ्याच्या पडद्यावर लोट्याने पाणी मारत बसते. घरात कूलर आहे. पुतण्याने हौसेने आणून बसवला. "काकू, बटन दाबलं की झालं, हे पाणी मारणं काहून?" असं तो दरवर्षी विचारतो. कूलर गारवा देतो हे खरं, पण सतत घरघरतो, आणि मला दुपारच्या शांततेत घरघर नको वाटते. वाळा आवाज करत नाही. तो भिजतो, त्याचा वास खोलीभर पसरतो, बाहेर संत्र्याच्या बागेवर ऊन नुसतं पांढरं होऊन पडलेलं असतं, आणि मला तो उन्हाळा आठवतो. वनमाला तोडली तो.

वनमाला हे जहाजाचं नाव. नागपूरच्या बाईने जहाजाची आठवण काढावी, हे ऐकणाऱ्याला जरा चमत्कारिकच वाटतं. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा तलावांचं, नाहीतर विहिरीचं. समुद्र कोणत्याही बाजूने गेलात तरी लांबच. मी शहरातल्या महाल भागातल्या कारकुनाची मुलगी, आणि लग्न होऊन आले ती जवळच्या बेशाला, त्या वेळी निव्वळ शेतीच्या असलेल्या गावात. पण त्या बेशाच्या शेतकऱ्याचा एक मुलगा कलकत्त्याला जाऊन जहाजाची इंजिनं शिकला होता. वसंतराव. नवऱ्याचं नाव घ्यायला पूर्वी जड जायचं, आता नाही जात.

लग्नानंतर वसंतराव माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ते जहाजाबद्दल. बागेत खाट टाकलेली होती. स्वतःबद्दल विचारलं की हा माणूस दोन शब्दांत आटपायचा, पण वनमालेचं काढलं की थांबायचा नाही. ते जहाज अमेरिकेत लढाईच्या दिवसांत बांधलेलं. जर्मन पाणबुड्या मालाची जहाजं धडाधड बुडवत होत्या, आणि त्या बुडवतील त्याहून भराभर नवी बांधायची, असं अमेरिकेने मनावर घेतलं होतं. एकसारखी शेकडो जहाजं. तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी तयार करायचे आणि गोदीत आणून जोडायचे. रिव्हेट ठोकत बसायला सवड नव्हती, म्हणून पत्र्याला पत्रा वेल्डिंगने जोडला. पुरुष लढाईवर गेलेले, त्यामुळे वेल्डिंगच्या कामाला बायकाही होत्या, तोंडावर लोखंडी मुखवटे लावून.

"म्हणजे हे जहाज बायकांनी शिवलंय म्हणा ना," मी म्हणाले.

ते हसले. "शिवलंयच. अन् घाईत शिवलेलं. काही जहाजं थंड समुद्रात मधोमध उसवली. लढाई संपेपर्यंत टिकली तरी खूप, असं बांधणारेच म्हणायचे."

वनमाला उसवली नाही. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, कुणा अमेरिकन पुढाऱ्याचं. तिने रणगाडे नेले, दारूगोळा नेला, डब्यातलं मांस नेलं, आणि लढाई संपल्यावर पोरसवदा सैनिकांना घरी आणलं. मग एका ग्रीक मालकाने तिला घेतलं आणि आपल्या बायकोचं नाव दिलं. त्याने वर्षानुवर्षं तिच्यातून कोळसा वाहिला. मग ती मुंबईच्या एका कंपनीकडे आली आणि वनमाला झाली. पुढच्या टोकाला जुन्या नावांची अक्षरं घासून काढलेली होती, तरी ऊन तिरपं पडलं की रंगाखाली ती उठून दिसत. वसंतराव तिच्यावर इंजिनिअर होते. नागपूरच्या उन्हाळ्याने कावलेल्या माणसाला ते सांगत, "हा तर आमच्या इंजिनरूमचा थंड कोपरा आहे."

आमची मिनू दोन वर्षांची झाली त्या साली कंपनीने वरच्या अधिकाऱ्यांना बायका-मुलं बरोबर न्यायची परवानगी दिली. छप्पन्नच्या भांडणात सुएझचा कालवा बंद झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून अमेरिकेला जायचं आणि गहू भरून परत यायचं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे माय म्हणायचो, त्या नको म्हणत होत्या. "लेकरू घिऊन पान्यावर कायले जाता?" पण मला जायचं होतं. नवरा वर्षातून एकदा पाहुण्यासारखा यायचा. मला त्याच्याबरोबर राहायचं होतं, एवढंच.

जहाजावरचे ते महिने कसे सांगावेत? खोली म्हणजे लोखंडी पेटी. एक गोल खिडकी, भिंतीला खिळवलेलं टेबल. वसंतरावांनी भिंतींना हिरवा रंग दिला, आपल्या बागेसारखा. रात्रंदिवस खालून इंजिनाचे ठोके यायचे, संथ, एकामागून एक. आधी मला झोप लागेना, मग त्यांच्याशिवाय लागेना. मिनूला हे सगळं मुळात वेगळं वाटलंच नाही. ती पाय फाकवून खलाशांसारखी चालायला शिकली. डेकवर लढाईतली तोफ जिथे बसवलेली होती तिथे लोखंडाचं एक मोठं कडं राहिलं होतं, त्यात उभी राहून ती गोल गोल फिरायची आणि इब्राहिमचाचा टाळ्या वाजवायचे. इब्राहिमचाचा म्हणजे जहाजावरचे भंडारी, स्वयंपाक करणारे, रत्नागिरीकडचे. त्यांची स्वतःची नात मिनूएवढीच होती आणि तिला त्यांनी एकदाच पाहिलं होतं. ते मिनूसाठी रोज वेगळा शिरा करायचे. एका अमेरिकन बंदरात आम्ही तिला गावात फिरायला नेलं. मोठमोठी दुकानं, दिवे. पोर सारखी पडत होती, जमीन हलत नव्हती ना. शेवटी रडायला लागली. "घरी चल," म्हणाली. मी म्हटलं, नागपूर फार लांब आहे गं. तिने बंदराकडे बोट दाखवलं.

परतीच्या वाटेवर, गव्हाने भरलेलं जहाज आफ्रिकेच्या खालून जात असताना, तिला ताप आला.

मालाच्या जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची एक पेटी असते आणि एक जाडजूड पुस्तक, आणि त्यात बघून दुय्यम अधिकारी औषध देतो. तो बिचारा पंचविशीचा पारशी पोरगा, एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होता. मिनूची मान ताठ झाली तेव्हा कप्तानाने बिनतारी यंत्रावरून बंदरातल्या डॉक्टरांना विचारलं, जहाज जवळच्या बंदराकडे वळवलं. वसंतराव खाली जाऊन इंजिनाला शक्य तेवढी वाफ देत होते आणि पुन्हा पुन्हा वर येऊन दारात उभे राहत होते. अंगाला तेलाचा वास, म्हणून आत येत नव्हते. बंदर अजून लांब होतं. पहाटे तिने माझा अंगठा धरलेला सोडला.

कप्तान भला माणूस होता. त्याने टोपी काढून विचारलं, बंदर येईपर्यंत तिला शीतगृहात ठेवायचं का. वसंतराव म्हणाले, "नाही. तिथं मटण टांगलेलं असतं." मग तेच म्हणाले, "समुद्रातच."

मी डेकवर गेले नाही. मला उठताच येत नव्हतं. खोलीत पडून होते. आणि खालचे ठोके थांबले. इतक्या महिन्यांत भर समुद्रात ते कधी थांबले नव्हते. लाटा पत्र्याला थापट्या मारत होत्या, तेवढाच आवाज. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक ठोका पडला, दुसरा पडला, आणि मला कळलं की झालं.

बेशाला आले तेव्हा मायने मला जवळ घेतलं, आणि मग विचारलं, "कुठीसा ठेवलं लेकराले?"

आमच्याकडे एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आमच्या शेताच्या बांधावर कडुनिंब आहे, त्याखाली मायची स्वतःची दोन लेकरं होती. भाजी निवडायची असली की ती तिथे जाऊन बसायची. कुणी काही विचारत नसे. मी तिला सांगितलं की पाण्यात. तिला ते समजेना. पाण्यात म्हणजे कुठे? खूण काय? मी काय सांगणार? जिथे खूण राहत नाही अशीच ती जागा.

"तुले बसाले जागा नाई ठेवली त्यानं," माय म्हणाली. आणि त्यानंतर ती मुलाशी कामापुरतं बोलू लागली. तो यायचा, पाया पडायचा, ती "आला का" म्हणायची, ताट वाढायची, बस.

वसंतराव पुन्हा वनमालेवरच गेले. जहाज बदला, असं सगळे म्हणाले. कंपनीने स्वतःहून दुसरं देऊ केलं. त्यांनी ऐकलं नाही. कारण मला कधी सांगितलं नाही, पण मला ते ठाऊक होतं. मिनूचं म्हणून जगात जे काही ठिकाण उरलं होतं ते ते जहाजच होतं. ती तिथे चालली होती. तिच्या उंचीवर हाताचे डाग असतील तर तिथल्या भिंतींवर असतील. ते दर सुट्टीला घरी यायचे, आम्ही बागेच्या मोटरबद्दल बोलायचो, छपरावरच्या कौलांबद्दल बोलायचो. मिनूचं नाव दोघांपैकी एकानेही घेतलं नाही. घेतलं असतं तर काय झालं असतं ते ठाऊक नव्हतं, आणि ते करून बघायचा धीर नव्हता. अशी वर्षं गेली.

मग तो उन्हाळा. मेच्या सुरुवातीला वसंतराव न कळवता आले, आणि सगळं सामान घेऊन आले. ट्रंक, गादी, भिंतीवरचा आरसासुद्धा. मी विचारलं नाही. तीन-चार दिवस ते बागेत फिरत राहिले, संत्र्याच्या अंबिया बहाराची हिरवी बोरांएवढी फळं हाताळत राहिले. मग एका दुपारी मी वाळ्यावर पाणी मारत होते, आणि ते पाठीमागे येऊन उभे राहिले.

"वनमाला विकली," ते म्हणाले.

"कुणाला?"

"भंगारवाल्याले. तोडून राहिले तिले, मुंबईत."

माझ्या हातातला लोटा तसाच राहिला. पडद्यावरून पाणी निथळत होतं. मी म्हटलं, "मला बघायचंय."

"तिथं बघण्यासारखं काही नाही."

"असेल नसेल. मला जायचंय."

ते नाही म्हणायच्या बेतात होते. आतल्या खोलीतून मायचा आवाज आला. आम्हाला वाटलं होतं ती झोपली आहे.

"ने तिले, वसंता. अन् मले बी ने."

माय तोवर रामटेकपलीकडे गेलेली नव्हती. तिने दोन लुगडी आणि भाकरीचं गाठोडं घेतलं, आणि शिवाय फडक्यात बांधून काहीतरी कमरेला खोचलं. गाडीत ती खिडकीशी बसून राहिली. मुंबईत उतरल्यावर गर्दीत तिने माझा हात धरला, तो आम्ही जहाजापाशी पोचेपर्यंत सोडला नाही.

दारूखान्याच्या बाजूला, जिथे जहाजं तोडतात तिथे, किनारा कसला, काळा चिखल. त्यात जाड दोर, साखळ्या, कापलेल्या पत्र्यांच्या थप्प्या. आणि चिखलात वनमाला उभी होती. तिचा पुढचा भाग नव्हता. नाव जिथे लिहिलेलं होतं तो भागच गेला होता. एखाद्या घराची समोरची भिंत पाडावी आणि आतलं सगळं रस्त्यावरून दिसावं, तशी ती दिसत होती. मजले, जिने, नळ. माणसं दोरावर बसून गॅसच्या ज्योतीने पत्रा कापत होती. मी वर बघत राहिले, आणि मला मधल्या मजल्यावर एक हिरवी भिंत दिसली. एकच. तिच्या बाजूच्या भिंती नव्हत्या.

"ती आपली ना?" मी विचारलं.

वसंतराव बघत होते. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

मी मुकादमाकडे गेले, वर जाऊ द्या म्हणून. तो वाईट नव्हता. म्हणाला, बाई, सगळे मजले सुटलेत, पाय ठेवाल तिथे खाली जाल. आम्ही बाजूला सावलीत उभे राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी ती भिंत कापली. ती सरळ खाली आली, चिखलात उभी रुतली, आणि मग सावकाश आडवी झाली.

मायने विचारलं, "एवढं मोठं धूड पान्यातून चिखलात आनलं कोनं?"

"मीच आणलं, माय," वसंतराव म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला सांगितलं. भरती पुरी चढली की जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालतात, म्हणजे ते जितकं होईल तितकं वर येऊन रुतावं. कंपनीने मोजकीच माणसं ठेवली होती. ते इंजिनाजवळ उभे होते. वरून पूर्ण वेगाचा हुकूम आला आणि त्यांनी असेल नसेल ती वाफ सोडली. "खाली आपल्याला किनारा दिसत नाही. फक्त कळतं. तळ चिखलाला लागला तसा सगळा पत्रा कण्हला, माय. तरी ती जातच होती. मग थांबायचा हुकूम आला. त्या दिवशी, मिनूच्या दिवशी, इंजिन दुसऱ्यानं बंद केलं होतं. या वेळी मी कुणाले हात लावू दिला नाही."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. माय त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलं," ती म्हणाली. "परक्याच्या हातानं कायले."

मग ती मला घेऊन पाण्याच्या कडेला गेली. चिखलात तिचं लुगडं पोटरीपर्यंत भरलं. कमरेचं फडकं सोडलं तर त्यात माती होती, कडुनिंबाखालची. तिने ती माझ्या ओंजळीत घातली.

"तुह्या हातानं सोड."

पाण्यावर तेलाचा तवंग होता. मी म्हणाले, "माय, ती इथे नाही. ती खूप लांब आहे."

"पानी तं एकच हाय न वं," माय म्हणाली. "जाईन हळूहळू."

मी हात पाण्यात घातले आणि उघडले.

त्यानंतर वसंतराव समुद्रावर गेले नाहीत. नागपुरातच एका कापड गिरणीच्या बॉयलरवर लागले आणि सायकलने बेशाहून जात-येत राहिले. आम्हाला दुसरं मूल झालं नाही. माय पिकल्या वयात वारली, दिराच्या मुलांच्या गराड्यात. वसंतराव गेले त्याला तीन हिवाळे झाले. शेवटी शेवटी ते रात्री जागे होऊन विचारायचे, थांबलं का गं, आणि मी म्हणायचे, नाही, चालू आहे, झोपा. लढाईपुरतं बांधलेलं जहाज लढाई संपल्यावर पंचवीस वर्षं चाललं. आमची पोर त्या घरात पुरते सहा महिनेही राहिली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दुपारी एकटी बसले की मी त्या शेजारी शेजारी ठेवून बघत राहते.

मला मात्र सांगायचं आहे ते परतीच्या गाडीतलं. बडनेरा गेलं होतं. सकाळचं ऊन डब्यात आलं होतं, बाहेर उन्हाळी नांगरट केलेली काळी शेतं पळत होती. माय समोरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. वसंतराव खिडकीच्या गजांना धरून बसले होते.

"तू कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवसाचं."

मी म्हटलं, "सांगा."

त्यांनी हळूहळू सांगितलं. समुद्र शांत होता. सगळे आले होते, बॉयलरवरची माणसंसुद्धा अंघोळ करून, धुतलेले सदरे घालून. इब्राहिमचाचांनी आपल्या पद्धतीने काहीतरी म्हटलं, आणि वसंतरावांना जेवढा आठवला तेवढा रामरक्षेचा तुकडा त्यांनी म्हटला, मग पुढचं आठवेना तर परत पहिल्यापासून म्हटला. मिनूला पिवळा फ्रॉक घातला होता.

"बूटही घातले," ते म्हणाले. "ते लाल. अनवाणी पाठवणं जिवावर आलं."

मी त्यांच्याकडे वळले.

"उलटे घातले गं मी. डावा उजव्या पायात. मले घालता नव्हते ना येत, तूच घालायची. तिला गुंडाळलेलं कॅनव्हास शिवून झाल्यावर ध्यानात आलं. मग कसं उसवा म्हणणार?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, मोटरच्या दुरुस्तीबद्दल बोलावं तसा. "इतकी वर्षं तेच घेऊन फिरून राहिलो. टोचत असतील, असं वाटते."

"नाही टोचत," मी म्हणाले. "ती स्वतः घालायची तेव्हा उलटेच घालायची. मी नीट करून दिले तर रडायची."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी गजांवर कपाळ टेकलं. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या जवळ सरकले. पुलगाव आलं, चहावाला दारातून ओरडत गेला, गाडी पुन्हा हलली. त्या धक्क्याने माय जागी झाली आणि आमच्याकडे बघू लागली.

"काय झालं वं?"

"काही नाही, माय," मी म्हटलं. "मिनूचं बोलून राहिलो."

माय उठून बसली. तिने पदराने तोंड पुसलं आणि बाकावर आमच्यासमोर नीट मांडी घातली.

"मंग मले बी सांगा," ती म्हणाली.